बिस्किटाच्या डब्यातला आवाज

आमच्या घरात सकाळी पहिल्यांदा चूल पेटायची ती चहासाठी नव्हे, माझ्या नणंदेच्या गुळण्यांसाठी. कोमट पाणी, त्यात चिमूटभर मीठ. ते पाणी माझा नवरा स्वतः ठेवायचा. सोसायटीचा सेक्रेटरी माणूस, परंड्याच्या बाजारात चार जण थांबून ज्याची विचारपूस करायचे, तो बहिणीसाठी चुलीपुढं उकिडवा बसून फुंकर घालायचा. मी बाळंतीण होते तेव्हा ह्याच माणसानं मला पाण्याचा तांब्या दिला नव्हता. मी ते बघायचे आणि जळायचे. खोटं कशाला बोलू?

नणंदेला सगळी वस्ती आक्का म्हणायची, मीही म्हणायचे. आक्का गायन पार्टीत गायच्या. भीमजयंतीच्या दिवसांत मुरुमपासून तेरखेड्यापर्यंत त्यांच्या पार्टीला बोलावणी असायची. माईक नसला तरी मागच्या माणसाला शब्द न् शब्द ऐकू जायचा म्हणे. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या माहेरपणाला यायच्या आणि बाया काम टाकून त्यांच्याभोवती बसायच्या. दुष्काळाच्या आदल्या वर्षी पार्टीच्या मास्तरांनी त्यांना मुंबईला नेलं आणि त्यांच्या दोन गाण्यांची छोटी रेकॉर्ड निघाली. एक प्रत आक्कांना मिळाली. बाकीच्या कुठं गेल्या, कुणाला ठाऊक नाही.

मग दुष्काळ आला. माणसांनी गाणी कुठली बोलवायची? पार्टी फुटली. आमचे मालक तेव्हा रस्त्याच्या कामावर हजेरी कारकून होते. माणशी मजुरी, माणशी खायला सुकडी, म्हणून त्यांनी आक्कांनाही माहेरी बोलावून खडी फोडायला बसवलं. आक्का म्हणाल्या, "घसा दुखतुय रं." हे म्हणाले, "थोडं दिवस काढ आक्का, पाऊस पडला की बस घरी." पाऊस पडायच्या आत आक्कांचा आवाज बसला, तो उठलाच नाही. सोलापूरला घशातली गाठ काढली. जीव वाचला. आवाज म्हणून राहिली ती नुसती कुजबूज, कोरड्या कडब्यातून वारा गेल्यासारखी.

आक्कांच्या नवऱ्यानं वर्षाच्या आत दुसरी बायको आणली. गाणं होतं तोवर हा गृहस्थ पार्टीत टाळ धरून मिरवत होता. गाणं गेलं तशी त्याला आक्कांची भाकरीही जड झाली. मालकांनी बहिणीला घरी आणलं आणि सगळ्या भावकीपुढं बोलले, "माझ्यापायी गेला तिचा आवाज. माझ्या खडीच्या धुळीनं खाल्ला. ती मरंपतूर माझ्या घरात राणी म्हणून राहील." बोलताना ढसाढसा रडले. आक्का खाली मान घालून बसल्या होत्या.

तेव्हापासून आमचं घर त्या एका वाक्यावर चाललं होतं. भाजी आक्कांना विचारून, पाहुणे आक्कांना विचारून, पोरांची नावं आक्कांनी ठेवलेली. मी कधी तोंड उघडलं की मालक म्हणायचे, "तिचं काय गेलंय तुला म्हाईत न्हाय का?" झालं, मी गप्प. पण एक गोष्ट मला तेव्हाही कळत होती. ह्या माणसाच्या मनातली ती बोच आहे तोवरच आक्कांना छप्पर आहे. ती निघाली तर बाईला ना सासर, ना माहेर.

आता डब्याची गोष्ट सांगते.

साखर कारखान्यातल्या एका साहेबाची बदली झाली, तेव्हा त्यांचा रेकॉर्ड प्लेअर मालकांनी आणला. ह्यांना रेडिओ उघडायचा नाद लहानपणापासून. पण त्या प्लेअरच्या सुईचा आवाज इतका बारीक होता की रेडिओला जोडला तर डास गुणगुणतोय असं वाटायचं. कुर्डुवाडीच्या एका रेडिओ मेकॅनिकनं सांगितलं, ह्याला मधे प्रीअँप लागतो, तो सुईचा आवाज आधी वाढवून, नीट करून पुढं पाठवतो. त्यानंच तो बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात बसवून दिला. प्रीअँप हा शब्द आमच्या घरात टिकला नाही. सगळे त्याला डबाच म्हणायचे.

दर पौर्णिमेला विहारात वंदना झाली की तो प्लेअर, तो डबा आणि विहाराचा भोंगा जोडून आक्कांची रेकॉर्ड लागायची. ही आमच्या वस्तीची रीतच पडली होती. लग्न असो, बारसं असो, आधी आक्कांचं गाणं, मग बाकी. आक्का पुढं चटईवर बसायच्या आणि रेकॉर्डबरोबर ओठ हलवायच्या. ज्यानं त्यांना कधी ऐकलं नव्हतं त्याला वाटावं, ही बाई आत्ता गातेय. बाया डोळे पुसायच्या. मला मात्र ते बघून अंगावर काटा यायचा. जित्या माणसाच्या तोंडून त्याचाच जुना आवाज निघतोय, हे काही बरं वाटायचं नाही मला.

पुढं पुढं डबा बिघडत चालला. आधी घूं असा आवाज यायला लागला, गाण्याच्या मागं कुणीतरी दार लावून कण्हतंय असा. मग गाणंच गोधडीखाली गेल्यासारखं झालं. शब्द मऊ झाले, वरची पट्टी बोथट झाली. त्या साली पावसानंही पुन्हा डोळे वटारले होते. आडाचं पाणी तळाला गेलं होतं, म्हातारी माणसं आभाळाकडं बघून मागच्या दुष्काळाचं नाव काढायला लागली होती. 

मालक डबा घेऊन कुर्डुवाडीला गेले आणि येऊन आम्हा दोघींपुढं बसले. म्हणाले, "मेकॅनिक म्हणतो दोन वाटा हायत. रेकॉर्ड कोरताना खर्ज दाबतात आणि वरच्या पट्टीचा बारीक आवाज वाढवून ठेवतात. वाजवताना डब्यानं ते उलटं करून सरळ करायचं असतं. आपल्या डब्याचे कंडेन्सर गेलेत, त्यो बारीक आवाज नको तेवढा दाबतुय. एक तर ह्याच्यातच नवे पार्ट टाकायचे, न्हायतर हा फेकून आयसीवाला नवा करून घ्यायचा."

"दोन्ही नगं," आक्का कुजबुजल्या.

"आक्का, आगं तुझाच आवाज साफ यील."

"हाय त्यो बरा हाय. डबा उघडायचा न्हाय."

मी हसून म्हणाले, "का आक्का, डब्यात धन पुरलंय का काय तुमी?"

आक्कांनी माझ्याकडं असं बघितलं की माझं हसू जागीच वाळलं. त्या बाईला मी रागावलेली बघितली होती, रडताना बघितली होती. भ्यालेली पहिल्यांदाच बघितली.

मालकांना वाटलं, म्हाताऱ्या माणसाचा हट्ट आहे. त्यांनी मधली वाट काढली. जुना डबा ठेवून त्याची वायर बदलली, एक-दोन पार्ट नवे टाकले. घूं कमी झाली आणि आवाज थोडा उघडला. पुढच्या पौर्णिमेला गाणं सुरू झालं तशा आक्का चटईवरून उठल्या, भोंग्याच्या मशीनपाशी गेल्या आणि टोनचं बटण त्यांनी डावीकडं पिळलं. आवाज पुन्हा गोधडीखाली गेला. मग त्या येऊन बसल्या आणि ओठ हलवायला लागल्या. कुणाच्या लक्षातही आलं नाही. माझ्या आलं. मी घरी येऊन मालकांना म्हणाले, "आक्कांना त्यांचा आवाज साफ नकोय." मालक म्हणाले, "तुझं डोकं फिरलंय. दुखणं हल्याला आन डाग पखालीला. पार्ट जुने त्याला आक्का काय करणार?"

त्यांच्या डोक्यात एकच होतं. आपण हिचा आवाज घेतला, तो आपणच होता तसा परत द्यायचा. वैशाख पौर्णिमेला सगळी माणसं येणार, त्या दिवशी नवा डबा लावून आक्काला चकित करायचं. त्यांनी गुपचूप नवा डबा करायला टाकला आणि पौर्णिमेच्या सकाळी तो घरी आणला. लोखंडी पेटी, निळा रंग, हातात घेतली तर वजनदार. आक्का विहार सारवायला गेल्या होत्या. मालकांचा चेहरा नव्या नवरदेवासारखा झाला होता. म्हणाले, "ये, बस. आधी आपुन ऐकू."

प्लेअर डब्याला आणि डबा रेडिओला जोडला. सुई टेकली.

आगं बया! काय तो आवाज. घूं नाही, काही नाही. पेटीवाल्याची बोटं पट्ट्यांवर पडतात ते ऐकू येत होतं. गाण्याआधी कुणीतरी श्वास घेतला, तो आक्कांचा श्वास होता, आमच्या खोलीत घेतल्यासारखा. आणि आक्का गायला लागल्या. मालकांचे डोळे भरून आले. त्यांनी माझा हात धरला. इतक्या वर्षांत दिवसाढवळ्या त्यांनी कधी माझा हात धरला नव्हता.

मग वरची पट्टी आली आणि तिथं आवाज फाटला.

फार नाही. एक खर आली, आवाजाच्या कडेला. दुसऱ्या कडव्यात पुन्हा आली, जास्त. कडवं संपलं आणि पेटीच्या सुरांमागं एक खोकला ऐकू आला, दाबलेला, तोंडावर पदर धरून खोकतात तसा. तिसऱ्या कडव्याला ती खर सरळ सरळ कळत होती. मला ती ओळखायला काय वेळ लागणार? रोज सकाळ-संध्याकाळ मी तीच ऐकत होते. आक्का आता ज्या आवाजात मला मीठ मागायच्या, तोच आवाज त्या गाण्याच्या आत बसलेला होता.

मालकांनी सुई उचलली आणि पुन्हा पहिल्यापासून लावली. पुन्हा तेच. त्यांनी माझा हात सोडला.

"ही रेकॉर्ड दुष्काळाच्या आदल्या सालची," ते म्हणाले.



"तवा खडी कुठं हुती?" त्यांनी विचारलं. मला नाही, त्या निळ्या पेटीला विचारलं.

दारात सावली पडली म्हणून बघितलं, तर आक्का उभ्या होत्या, हाताला शेण तसंच. कधीपासून उभ्या होत्या देव जाणे. मला वाटलं आता काहीतरी फुटणार. इतकी वर्षं हा माणूस स्वतःला खात होता, आणि ही बाई रोज त्याच्या हातचं पाणी घेऊन गुळण्या करत होती! माझ्या मस्तकात तिडीक गेली. मीच म्हणाले, "आक्का, तुमाला म्हाईत हुतं?"

"व्हय," आक्का म्हणाल्या. दाराला टेकून खाली बसल्या. "मुंबईला जायच्या आधीच घसा धरला हुता. कुणाला सांगितलं असतं तर मास्तरांनी दुसरीला उभी केली असती. म्या दाबून गायले. जुन्या डब्यात कळत नव्हतं."

"मग मी धुळीनं गेला म्हणत हुतो," मालक म्हणाले, "तवा का गप बसलीस?"

"तू म्हणलास. म्या नुसतं न्हाय म्हणलं न्हाय." त्या बोटांवरचं वाळलेलं शेण खरवडायला लागल्या. "तुज्या दाजीनं काय केलं बघितलंस न्हवं? गाणं गेलेल्या बाईला कोण ठेवून घेतं रं?"

मालक म्हणाले, "मी भाऊ हाय तुझा."

"व्हय," आक्का म्हणाल्या आणि हात धुवायला मागं गेल्या.

संध्याकाळी विहारात कुठला डबा न्यायचा हे मालकांनी विचारलं नाही. आक्काच म्हणाल्या, "नवा लाव." माणसं दाटली होती. वंदना झाली, गाणं लागलं. मी धरूनच चालले होते की आता सगळ्यांना कळणार. कुणालाही काही कळलं नाही. एक म्हातारी तर म्हणाली, "आक्का, समोर बसून गातीयास जणू." ती खर आम्हा तिघांनाच ऐकू आली. त्या दिवशी आक्कांनी ओठ हलवले नाहीत.

मला वाटलं, वादळ गेलं. भाऊ-बहीण आहेत, चार दिवस धुसफुसतील आणि होईल सगळं नीट. मीही राग गिळला. आवाज गेलेली, नवऱ्यानं टाकलेली बाई, तिनं झाकली मूठ झाकूनच ठेवली तर काय बिघडलं? तिच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक उठलेच नाहीत. आजारी नव्हते हो, झोपले होते. गाढ, तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखे. लग्न झाल्यापासून मी त्यांना असं झोपलेलं बघितलं नव्हतं. आक्का चुलीपाशी येऊन उभ्या राहिल्या, थंड चूल बघितली आणि परत गेल्या. मी उठून पाणी ठेवलं. मालक उठल्यावर त्यांनी ते बघितलं आणि म्हणाले, "तिचं तिला घेता येत न्हाय का?"

हे वाक्य माझं होतं. मनातल्या मनात मीच ते किती वेळा म्हणाले होते. त्यांच्या तोंडून ऐकलं आणि ते पाणी मी स्वतः आक्कांना नेऊन दिलं.

माणूस हलका झाला होता. शीळ घालायला लागला. पोरांशी खेळायला लागला, मला बाजारातून बांगड्या आणल्या. मी कशी सुखावणार? जितका हा हलका होत होता, तितक्या आक्का भिंतीकडं सरकत होत्या. जेवायला आधी कुणाला वाढलं, हे मालक बघेनासे झाले. आक्कांनी काही विचारलं तर ऐकू न आल्यासारखं करायचे, आणि कुजबूज ऐकू आली नाही असं म्हणायला कुणाला काय लागतं? मी म्हणाले, "आवो, तुमची बहीण हाय ती. आजारी हुती, आजारी हाय. धूळ असू द्या न्हायतर काय बी असू द्या." तर शांतपणे म्हणाले, "मी कुठं काय म्हणतोय?" ते ओरडले असते तर मी भांडले असते. ते ओरडलेच नाहीत.

पाऊस नाहीच झाला. वस्तीत टँकर येऊ लागला, हंड्यांसाठी भांडणं लागू लागली. एका दुपारी मालक जेवता जेवता, कुणाकडंही न बघता म्हणाले, "मुरुमला चुलत्याच्या हिरीला पाणी हाय म्हणतात अजून. त्यांच्याकडं हाताखाली माणूस बी न्हाय." मी हातातला पोळपाट आपटून म्हणाले, "मग?" ते म्हणाले, "मग काय? सांगतोय नुसतं." आक्का पलीकडं तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी सकाळी आक्कांनी पिशवी भरली. दोन लुगडी, एक वाकळ. मी दारात आडवी झाले. "कुठं निघाला आक्का?" त्या म्हणाल्या, "मुरुमला." मी पिशवी ओढली, त्यांनी ओढली. मी रडले, शिव्या दिल्या, मालकांना दिल्या, त्यांनाही दिल्या. "एवढं मला छळलंत आन आता सोडून चालला व्हय?" म्हणाले. आक्कांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला. त्यांचा तो आवाज आधीच कसाबसा यायचा, त्या वेळी आलाच नाही. ओठ हलले आणि मला ते वाचता आले. तू आडवलंस, त्यानं न्हाय. एवढंच होतं ते.

एसटी सुटेपर्यंत मी थांबले. त्यांना खिडकीजवळ जागा मिळाली. रेकॉर्डचं काय, असं मी विचारलं तर त्यांनी हातानं राहू दे म्हणून सांगितलं. गाडीच्या मागं एवढी धूळ उठली की पुढचं काही दिसलं नाही.

संध्याकाळी मालक सोसायटीतून आले. पिशवी गेलेली, खुंटी रिकामी, हे त्यांना दिसलं. त्यांनी हातपाय धुतले, निळा डबा रेडिओला जोडला आणि आक्कांची रेकॉर्ड लावली. मी चुलीपाशी पाठ करून बसले होते. गाणं वर चढलं, खर आली, तो दाबलेला खोकला आला. मी वळून बघितलं. मालक भिंतीला टेकून बसले होते, डोळे मिटलेले, बोटं मांडीवर ठेका धरत होती.

"ऐक," म्हणाले, "किती साफ येतोय."